एसीतला गॅस जातो कुठे?

पिरंगुटहून शिवाजीनगरच्या वेधशाळेपर्यंतचे अंतर साधारण वीस किलोमीटर. भूगाव-भुकूमच्या कोंडीत सापडलो तर तास सहज मोडतो. तेवढेच अंतर पिरंगुटच्या चौकातून सरळ वर गेलो, तर विमाने निम्म्या वाटेवरच मागे पडतात, ताम्हिणीवर कोसळणाऱ्या पावसाळी ढगांचे माथेही खाली राहतात आणि आपण ओझोनच्या थरात शिरतो. आपल्या अक्षांशांवर हा थर पंचवीस-सव्वीस किलोमीटरच्या आसपास सर्वांत दाट असतो. दाट म्हणायचे तेही तुलनेनेच. पुण्यावरच्या आकाशातला सगळा ओझोन जमिनीवर उतरवून पसरला, तर त्याची जाडी तीन मिलिमीटरही भरणार नाही.

या थराची गोष्ट आपण शाळेच्या पुस्तकात शिकलो, ती अंटार्क्टिकाच्या चित्रासह. त्यामुळे ओझोनचे छिद्र म्हणजे दूर बर्फावरचे काहीतरी, ते गोऱ्या देशांनी केले आणि त्यांनीच बुजवले, अशी समजूत पक्की झाली. तिचा अर्धा भाग खरा आहे. मात्र या कामाचा जो शेवटचा आणि किचकट भाग उरला आहे, तो दक्षिण ध्रुवावर नाही. पिरंगुटसारख्या गावांत, इमारतींच्या मागच्या भिंतींवर टांगलेल्या आउटडोअर युनिटांत, भंगाराच्या दुकानांत आणि दुचाकीला गॅसचा सिलिंडर बांधून फिरणाऱ्या मेकॅनिकच्या हातात तो आहे. हा लेख त्याबद्दल आहे.

पिरंगुट म्हणजे एकेकाळी पौड-मुळशीच्या वाटेवरचे भाताचे गाव. आज पिरंगुट, उरवडे, घोटावडे फाटा, कासारआंबोली हा सगळा पट्टा कारखान्यांचा झाला आहे. शीतपेये भरणारे, इंजिनिअरिंगचे, प्लास्टिकचे, रसायनांचे असे नाना कारखाने इथे आहेत. त्यांच्यामागून कामगार आले, कामगारांमागून चाळी आल्या, मग चारचाकीवाल्यांच्या सोसायट्या आल्या. या सगळ्याला गारवा लागतो. कारखान्यात चिलर, कँटीनमध्ये डीप फ्रीझर, किराणा दुकानाच्या दारात व्हिसी कूलर, घरात फ्रिज आणि बेडरूममध्ये दीड टनाचा एसी. या प्रत्येकाच्या तांब्याच्या नळ्यांत एक वायू फिरत असतो. मेकॅनिक आणि गिऱ्हाईक दोघेही त्याला नुसते ‘गॅस’ म्हणतात. तो कोणता गॅस आहे, हे सहसा कोणी विचारत नाही.

आधी थोडे विज्ञान. १९२८ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी फ्रिजसाठी क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, शोधले. तोवर फ्रिजमध्ये अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइडसारखे विषारी वायू वापरत. सीएफसी पेट घेत नव्हते, वास मारत नव्हते, माणसाला अपाय करत नव्हते. त्यांचे हे न बिघडणेच पुढे नडले. खालच्या हवेत ज्याचे विघटन होत नाही, ते वर्षानुवर्षे फिरत वर चढते. ओझोनच्या थरातल्या तीव्र अतिनील किरणांत मात्र ते फुटते आणि त्यातून क्लोरीनचा अणू सुटतो. असा एक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो आणि स्वतः पुन्हा मोकळा राहतो. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी हे १९७४ मध्ये मांडले, तेव्हा उद्योगांनी त्यांची टर उडवली. १९८५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकातल्या हॅली केंद्रावरची मोजमापे प्रसिद्ध केली. तिथल्या वसंतात ओझोन भयावह घटत असल्याचे त्यांत दिसले आणि टर उडवणाऱ्यांची तोंडे बंद झाली. मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुट्झन यांना १९९५ चे नोबेल मिळाले.

भोक ध्रुवावरच का पडले? तिथल्या हिवाळी काळोखात, उणे ऐंशी अंशांच्या आसपास, फार उंचावर बर्फकणांचे ढग बनतात आणि त्या कणांवर क्लोरीन विध्वंसक रूप घेते. पुण्यावर असे ढग होत नाहीत. म्हणून आपल्या डोक्यावर कधी भोक पडले नाही आणि उष्ण कटिबंधातला एकूण ओझोन फारसा घटलाही नाही. हे स्पष्ट सांगायला हवे, कारण भीती घालून लिहिलेले लेख इथेच गफलत करतात. दुसरी गफलत म्हणजे ‘भोकातून ऊन आत येते म्हणून पृथ्वी तापते’ ही. ओझोनची झीज आणि तापमानवाढ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांना जोडणारा धागा वेगळा आहे: ओझोन खाणारे हे वायू उष्णता धरून ठेवण्यातही कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट जोरकस आहेत.

आणि वायूला तालुक्याची हद्द नसते. पिरंगुटच्या गच्चीवर सोडलेला वायू वर्षा-दोन वर्षांत साऱ्या पृथ्वीच्या हवेत मिसळतो. नुकसान दुसऱ्या गोलार्धात होते.

ओझोन मोजण्याच्या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे आणि पुणेकरांनाच तो फारसा ठाऊक नाही. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला त्यामुळेच सिमला ऑफिस म्हणतात. तिथे काम केलेले के. आर. रामनाथन पुढे आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांनी आणि आर. व्ही. करंदीकर यांनी १९४० च्या दशकात डॉबसनच्या वर्णपटमापकाने भारतावरचा ओझोन मोजला. धूळ आणि धुरकट हवा या मोजमापात कशी चूक घडवते, हेही त्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले. करंदीकर हे मराठी नाव ओझोनच्या जागतिक वाङ्मयात इतक्या लवकर आले, ही अभिमानाची गोष्ट आहे. १९४८ मध्ये याच पुण्याच्या कचेरीत अण्णा मणी उपकरण विभागात रुजू झाल्या. बाहेरून यंत्रे विकत आणण्यापेक्षा ती इथे बनवायची, हा त्यांचा हट्ट होता. १९६० च्या दशकात त्यांच्या पुढाकाराने आणि सी. आर. श्रीधरन यांच्या कामातून भारतीय ओझोनसाँड तयार झाले. फुग्याला बांधून वर सोडायचे हे छोटे यंत्र. त्यातल्या पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून हवा खेचली जाते आणि ओझोन जितका असेल तितका विद्युतप्रवाह निर्माण होतो. दिल्ली, पुणे आणि तिरुअनंतपुरमहून असे फुगे सोडले गेले. अंटार्क्टिकाच्या भोकाची बातमी जगाला कळली, त्याच्या पंधरा-वीस वर्षे आधी आपल्याकडे स्वतःचे ओझोनमापक होते.

राजकारणाच्या बाजूलाही मराठी माणूस होता. ओझोन खाणारे वायू थांबवण्याचा मॉन्ट्रियलचा करार १६ सप्टेंबर १९८७ रोजी झाला, पण भारत त्यात लगेच गेला नाही. हे गॅस वापरले श्रीमंत देशांनी, पर्यायी तंत्रज्ञानाचे पेटंटही त्यांच्याकडे, मग खर्च आम्ही का सोसायचा, हा भारताचा सवाल होता. १९९० च्या लंडन बैठकीत तेव्हाच्या पर्यावरण राज्यमंत्री मनेका गांधी यांनी तो ठामपणे मांडला. त्या बैठकीत विकसनशील देशांसाठी बहुपक्षीय निधी ठरला आणि १९ जून १९९२ रोजी भारत करारात सामील झाला. माझ्या मते हा करार यशस्वी होण्याचे सर्वांत मोठे कारण हा निधीच आहे. हवामान बदलाच्या करारांत पैशाचे शब्द नेहमी हवेत राहतात. इथे चार अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम खरोखर दिली गेली आणि कारखान्यांची यंत्रे बदलली गेली. विकसनशील देशांना हे बदल करून दाखवण्यात मदत करणारा संयुक्त राष्ट्रांचा ‘ओझोनअॅक्शन’ विभाग पॅरिसमध्ये होता. त्याचे प्रमुखपद दीर्घकाळ राजेंद्र शेंडे यांनी सांभाळले. ते सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, आयआयटी मुंबईचे अभियंते. निवृत्तीनंतर त्यांनी पुण्यात टेरे पॉलिसी सेंटर चालवले.

भारताने दिलेला शब्द पाळला. सीएफसीचे उत्पादन १ ऑगस्ट २००८ रोजी, मुदतीच्या सतरा महिने आधी, थांबले. दम्याच्या पंपांपुरती सूट उरली होती, तीही पुढे संपली. मग पाळी आली एचसीएफसीची. त्यांतला एक, एचसीएफसी-१४१बी, पफचा फेस फुगवायला वापरत. फ्रिजच्या भिंतीत, शीतगृहाच्या पॅनेलमध्ये, कारखान्याच्या छताखाली पिवळसर कडक फोम दिसतो ना, तोच हा पफ. आपल्या देशातल्या ओझोनमारक रसायनांच्या वापरात या एका रसायनाचा वाटा जवळपास निम्मा होता. ते बनवणारे कारखाने भारतात नव्हते, सगळा माल आयात व्हायचा आणि वापरणारे बहुतांश लघुउद्योजक होते. १ जानेवारी २०२० पासून त्याची आयात बंद झाली. एचसीएफसीचा एकूण वापर २०२० पर्यंत ३५ टक्क्यांनी कमी करायचा होता, भारताने तो ४४ टक्क्यांनी कमी केला.

हे सारे कागदावरचे यश नाही, ते आकाशात दिसते आहे. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार, आजची धोरणे टिकली तर बहुतेक जगावरचा ओझोन २०४० च्या सुमारास, उत्तर ध्रुवावरचा २०४५ पर्यंत आणि अंटार्क्टिकावरचा २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. ‘धोरणे टिकली तर’ हे तीन शब्द महत्त्वाचे आहेत. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांना हवेत सीएफसी-११ अपेक्षेपेक्षा जास्त सापडला. माग काढत गेल्यावर बराचसा वाटा पूर्व चीनमधून येत असल्याचे निघाले. बंदी झुगारून कुणीतरी तो पुन्हा बनवत होते. जगाने गवगवा केला, चीनने कारवाई केली आणि प्रमाण उतरले.

कारखान्यांवर पहारा ठेवता येतो, कारण ते मोजके असतात. घरोघरच्या एसींवर कोण ठेवणार?

आपल्याकडच्या जुन्या एसींत अजून आर-२२ आहे. हा एचसीएफसी गटातला. जुन्या सीएफसीच्या मानाने त्याची ओझोन मारण्याची ताकद विसाव्या हिश्श्याएवढी, पण शून्य नाही. नवी यंत्रे आर-२२ वर बनवणे २०२४ अखेर थांबले. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी मात्र तो गॅस मिळत राहील. २०३० पासून तोही अगदी तुरळक प्रमाणात, २०४० पर्यंतच. नव्या एसींत आर-४१०ए किंवा आर-३२ असतो. त्यांत क्लोरीन नाही, म्हणजे ओझोनला धोका नाही. पण उष्णता धरण्याच्या हिशेबात एक किलो आर-२२ म्हणजे सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइड, आर-४१०ए दोन हजारांहून जास्त आणि आर-३२ सुमारे ६७५ किलो. पेट्रोलच्या भाषेत सांगायचे, तर एक किलो आर-२२ हवेत सोडणे म्हणजे पावणेआठशे लिटर पेट्रोल जाळणे. दीड टनाच्या एसीत साधारण किलोभर किंवा थोडा अधिक गॅस असतो. म्हणूनच २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत या नव्या वायूंनाही कराराखाली आणले. भारताने ती दुरुस्ती सप्टेंबर २०२१ मध्ये स्वीकारली. २०२८ मध्ये आपला वापर गोठवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा, असे वेळापत्रक आहे.

आता मार्च-एप्रिलमधल्या पिरंगुटमध्ये या. वर्षभर बंद असलेला एसी लावला, गारवा येईना. फोन केला की मेकॅनिक येतो, गेज लावतो आणि सांगतो, ‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल.’ गिऱ्हाईक किंमत विचारते, घासाघीस होते, अर्ध्या तासात काम संपते. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. दर दोन वर्षांनी एसीत गॅस भरावाच लागतो, असे सुशिक्षित घरांतही मानले जाते. ते साफ चूक आहे. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो आणि यंत्र धड असेल तर त्याच्या आयुष्यभर पुरतो. गॅस कमी झाला याचा अर्थ कुठेतरी नळी, वॉल्व्ह, फ्लेअर जोड किंवा कॉइल गळते आहे. गळती तशीच ठेवून वर गॅस भरला, तर आज भरलेला किलोभर गॅस वर्षभरात आकाशात जाणार.

कामाची नीट पद्धत वेळखाऊ आहे. उरलेला गॅस रिकव्हरी मशिनने सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा. नळ्यांत नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाच्या फेसाने गळती शोधायची. जोड ब्रेझिंग करून बंद करायचा, पुन्हा दाब धरतो का पाहायचे. मग व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढायची आणि कंपनीने लेबलवर दिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर तोलून भरायचा. यातली पहिली पायरी जवळपास कुठेच होत नाही. वॉल्व्ह उघडायचा आणि सूंऽ आवाज करत गॅस मोकळा सोडायचा, ही रोजची रीत आहे. कित्येक जण व्हॅक्यूम पंप टाळून गॅसनेच नळ्यांतली हवा रेटून बाहेर काढतात. एसी दुसऱ्या घरात हलवतानाही गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून न घेता सोडून देतात.

याचा दोष एकट्या मेकॅनिकवर टाकणे मला अन्यायाचे वाटते. ऐन हंगामात त्याला दिवसाला आठ-दहा ठिकाणी जायचे असते. रिकव्हरी मशिन महाग, ते दुचाकीवरून तिसऱ्या मजल्यावर न्यायचे, आणि काढलेला जुना गॅस शुद्ध करून घेणारे केंद्र जवळपास नाही. गळती शोधण्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, गॅसचे मात्र मुकाट देते. म्हणजे आपणच नीट काम करणाऱ्याला तोट्यात घालतो. २०१९ च्या भारत शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. प्रशिक्षणे झालीही. पण अर्धवट उमेदवारी करून, उस्तादाच्या हाताखाली शिकलेला मुलगा त्यांत किती येतो? पौड रस्त्यावरचे काम बरेचसे त्याच्याच जिवावर चालते.

हे शिक्षण आता फक्त आकाशासाठी नको, जिवासाठीही हवे. पुढचे गॅस पेट घेणारे आहेत. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. आर-२९० म्हणजे तर चक्क प्रोपेन, घरगुती सिलिंडरमधल्या वायूचा सख्खा भाऊ. हवामानाच्या दृष्टीने तो सर्वोत्तम, ओझोनला शून्य धोका, वीजही कमी खातो. पुणे-सातारा हद्दीवर शिरवळला कारखाना असलेल्या गोदरेजने १९९० च्या दशकात स्विस-जर्मन मदतीच्या ‘इकोफ्रिज’ प्रकल्पातून फ्रिजसाठी हायड्रोकार्बन वायूंची वाट धरली आणि २०१२ मध्ये आर-२९० चे एसी बाजारात आणले. आज घरगुती फ्रिजमध्ये बहुतेक आयसोब्युटेनच असतो, तोही शंभर ग्रॅमहून कमी. बर्फाच्या आणि दुधाच्या मोठ्या प्रकल्पांत अमोनियाचा वापर कधी थांबलाच नाही. हडपसरची किर्लोस्कर न्यूमॅटिक त्याचे कॉम्प्रेसर बनवते. पर्याय आहेत, ते आपल्याच आसपास बनतात. पण आर-२२ च्या जुन्या एसीत कोणी स्वस्तात पडते म्हणून ज्वलनशील गॅस भरला आणि पुढच्या मेकॅनिकने नकळत तिथे ब्रेझिंगची टॉर्च लावली, तर काय होईल?

पिरंगुटला हे कल्पनेने सांगावे लागत नाही. ७ जून २०२१ रोजी उरवड्यात पाणी शुद्ध करण्याची रसायने बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि १७ कामगार गेले. त्यांतल्या बहुतेक स्त्रिया होत्या. ती आग एसीच्या गॅसची नव्हती, ओझोनशी तिचा संबंध नाही. पण रसायन हाताळणाऱ्याला ते काय आहे हे नीट ठाऊक नसणे आणि नियम कपाटातून बाहेर न येणे, याची किंमत या पट्ट्याने मोजली आहे. म्हणून कारखाना निरीक्षणाच्या यादीत चिलरमधला गॅस, त्याची गळती आणि ती दुरुस्त करणाऱ्याचे प्रमाणपत्र या नोंदी असायलाच हव्यात.

आपल्या अंगावर याचा परिणाम काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात असेलच. विषुववृत्ताजवळ ओझोन मुळातच पातळ आणि सूर्य माथ्यावर. पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवसांत निरभ्र दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ‘अतितीव्र’ असतो. सावळ्या कातडीमुळे त्वचेच्या कर्करोगापासून आपल्याला बरेच संरक्षण आहे, डोळ्यांना मात्र नाही. मोतीबिंदूच्या कारणांत अतिनील किरण आहेत, आणि उन्हात राबणारी माणसे आपल्याकडे कोट्यवधी आहेत. रस्त्याच्या कामावर खडी टाकणारी बाई गॉगल लावत नाही. ओझोन थोडा जरी विरळ झाला असता, तर त्याचा भार आधी तिच्या डोळ्यांवर आला असता. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या हिशेबाने १८९० ते २१०० दरम्यान जन्मलेल्या अमेरिकनांतच या करारामुळे ४४.३ कोटी त्वचेचे कर्करोग आणि ६.३ कोटी मोतीबिंदू टळतील. आपल्या उन्हाचा असा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

एक सावधगिरी. वरचा ओझोन रक्षण करतो, जमिनीलगतचा मात्र विष आहे. गाड्यांचा आणि कारखान्यांचा धूर कडक उन्हात शिजून तो तयार होतो, छातीला त्रास देतो आणि पिकेही मारतो. चांदणी चौक ते पिरंगुट रोज रांगेत उभी राहणारी वाहने ही भर घालत आहेत. ‘ओझोनने हवा शुद्ध’ अशा जाहिराती करून घरात ओझोन सोडणारी यंत्रे विकतात, ती घेऊ नयेत.

मग करायचे काय? पहिला उपाय म्हणजे गारव्याची गरजच कमी करणे. भिंतीला बाहेरून सावली, गच्चीवर पांढरा थर, खिडक्या समोरासमोर, आणि एसी लावलाच तर २४ ते २६ अंशांवर. ज्या गावाने हजारो मिलिमीटर पाऊस आणि गार वारा वर्षानुवर्षे पाहिला, तिथल्या नव्या इमारती पश्चिमेला उघड्या काचांच्या का बांधाव्यात, हे मला कळत नाही. दुसरा उपाय भंगाराचा. जुना फ्रिज भंगारवाल्याला दिला की तो कॉम्प्रेसरच्या तांब्यासाठी नळी कापतो आणि गॅस जातो. फोम फोडला की त्यातला जुना सीएफसीही सुटतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत फ्रिज-एसीची जबाबदारी उत्पादकावर आहे. नव्या यंत्राच्या बदल्यात जुने परत देताना ते नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रात जाते का, हे विचारणे हा गिऱ्हाइकाचा अधिकार आहे. आणि ज्या ग्रामपंचायतींकडे कारखान्यांचा कर येतो, त्यांनी तालुक्यातल्या मेकॅनिकांसाठी एक सामाईक रिकव्हरी मशिन आणि काही सिलिंडर ठेवले, तर खर्च फार नाही. सीएसआरच्या पैशातून बाके आणि कमानी उभारणाऱ्या कंपन्यांनी एकदा याचा विचार करावा.

येत्या उन्हाळ्यात तुमच्या घरी कोणी ‘गॅस गेलाय’ म्हणाला, तर आधी गळती कुठे आहे ते दाखवायला सांगा आणि ती शोधून बंद करण्याचे पैसे घासाघीस न करता द्या. भरायचा गॅस कोणता, हे यंत्राच्या लेबलवर वाचून घ्या, तो काट्यावर तोलायला लावा. आणि जो मेकॅनिक हे सगळे न सांगता करतो, त्याचा नंबर सोसायटीत सगळ्यांना द्या.